खुले पत्र: ठिणगीच्या चाचणीचा अहवाल एका आकड्यावर संपू नये

मा. कामगारमंत्री,
सविनय नमस्कार.

स्फोटके आणि ज्वालाग्राही पावडरी स्थिर विद्युतेच्या ठिणगीने किती सहज पेटतात, हे नमुन्यावर ठिणगी टाकून तपासणे माझे रोजचे काम आहे. त्या अनुभवावरून एक मागणी करते आहे.

कोरड्या हवेत नुसते चालूनही अंगावर दहा हजार व्होल्टचा भार साठू शकतो. शरीराची धारिता (भार साठवण्याची क्षमता) २०० पिकोफॅरड धरली, तर साठलेली ऊर्जा १० मिलिज्यूल होते. हायड्रोजन आणि हवेचे मिश्रण पेटायला सुमारे ०.०२ मिलिज्यूल पुरते. लेड स्टिफ्नेटसारखे कोरडे स्फोटक तर हाताला जाणवणारही नाही इतक्या बारीक ठिणगीने उडते.

असे असताना अहवालात बहुतेकदा, किती ऊर्जेच्या ठिणगीने नमुना पेटतो, हा ज्यूलमधला एकच आकडा असतो, आणि त्याच्या भरवशावर माणसे कामाला उभी राहतात. तीच पावडर बारीक दळली, नीट वाळवली, की कमी ऊर्जेत पेटते. दमट नमुना तपासून ‘सुरक्षित’ असा शेरा मारणे म्हणजे कामगारांच्या जिवाशी खेळ आहे, आणि याचा मला मनापासून संताप येतो. ठिणगीच्या मार्गात रोध (विजेला होणारा अडथळा) किती होता, यानेही निकाल बदलतो. काही धुळी तर झटपट ठिणगीपेक्षा लांबलेल्या ठिणगीने लवकर पेट घेतात.

चाचणी करणाऱ्याचाही विचार व्हावा. नमुना मिलिग्रॅममध्येच घ्यायचा, मधे भक्कम आडोसा ठेवायचा, बटण लांबून दाबायचे. सगळ्यात धोक्याची वेळ नमुना पेटत नाही तेव्हाची. स्फोटक तसेच पडलेले असते, ठिणगीसाठी भार साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये भार उरलेला असू शकतो आणि हात आपसूक पुढे जातो. आधी अर्थिंगचा (जमिनीला जोडलेला) दांडा टेकवून कपॅसिटर रिकामा करायचा, मगच नमुन्याच्या कप्प्याची झडप उघडायची. ही शिस्त माणसाच्या आठवणीवर सोडू नये. दांडा टेकल्याशिवाय झडप उघडणारच नाही, असे इंटरलॉक सक्तीचे करा.

आणि प्रत्येक अहवालात कणांचा आकार, ओलावा, खोलीतील आर्द्रता, धारिता, रोध आणि किती वेळा ठिणगी टाकली, हे नोंदवणे बंधनकारक करा. नमुना प्रत्यक्ष कामाच्या जागेवरचाच, तिथे हाताळतात त्याच अवस्थेतला असावा. छोट्या कारखान्यांना हा खर्च झेपणार नाही. त्यांच्या चाचण्या सरकारी प्रयोगशाळेत माफक शुल्कात व्हाव्यात.

आपली नम्र,
एक चाचणी अभियंता