बहिणीला सांभाळायच्या पाळ्या लावू नका

संपादक महोदय,

गोव्यात गणेश चवथीला मुंबई-पुण्याचे, आखातातले भाऊ गावच्या घरी जमतात आणि आई-वडील थकलेले असले की गणपतीवरच्या माटोळीखाली विषय निघतोच : बौद्धिक दिव्यांग बहिणीचे पुढे कोणी करायचे? उत्तरही बहुधा तयार असते, प्रत्येकाने चार-चार महिने. दिसायला सरळ हिशेब. पण विशेष मुलांबरोबर काम करणाऱ्यांना विचाराल तर याहून वाईट वाटणी नाही.

अशा व्यक्तीचे स्वावलंबन जागेला चिकटलेले असते. गावच्या न्हाणीत स्वतःची स्वतः आंघोळ करणारी बाई पणजीच्या फ्लॅटमध्ये फिरवायच्या नळाऐवजी वर उचलायची दांडी दिसली की तशीच उभी राहते. वहिनीला ऑफिस गाठायचे असते, ती पटकन आंघोळ घालून देते. चार महिन्यांत वीस वर्षांची सवय मोडते. फिटच्या गोळीची वेळ घरागणिक बदलते, एखादा डोस चुकतो आणि बंद असलेली फिट परत येते. डाउन सिंड्रोम असेल तर थायरॉईडची तपासणी वर्षाला व्हायला हवी. तीन घरांत प्रत्येकाला वाटते दुसऱ्याने केली असेल, आणि तिची सुस्ती आळशीपणा म्हणून खपते.

म्हणून राहणे एका घरी, कामे मात्र वाटून. एकाने औषधे आणि दाखले बघावेत, दुसऱ्याने दर महिन्याला ठरलेली रक्कम पाठवावी, तिसऱ्याने वर्षातून पंधरा दिवस त्याच घरी येऊन राहावे, म्हणजे वहिनीला माहेरी जाता येईल. प्रत्यक्ष करणार ती वहिनीच, पण बैठकीत तिला चहापुरते बोलावतात. खुद्द बहिणीलाही विचारावे, मात्र ‘तुला दादाकडे राहायचे की भाईकडे?’ असे नको. ती पुष्कळदा शेवटचे ऐकलेले नाव सांगते. आठ-आठ दिवस ठेवून झोप आणि जेवण कसे राहते ते पाहावे.

आता कागद. अठरा वर्षांनंतर आई-वडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांचा समावेश असलेल्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. पालक भारतीय नागरिक हवा. पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला भाऊ कितीही मायाळू असला तरी इथे चालत नाही, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारे ओसीआय कार्ड असले तरी नाही. अविवाहित भावाला एकट्याला बहिणीचे पालकत्व मिळत नाही. विवाहित असल्यास पत्नी मुख्य सहपालक होते. नेमणुकीनंतर सहा महिन्यांत बहिणीच्या मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च द्यायचा असतो. या हिशेबाचा कंटाळा करू नका. पुढे भावाभावांत संशय आला तर तोच कामाला येतो.

घराच्या वाटणीत तर सर्रास घोटाळा होतो. गोव्यात मुलीला मुलाइतकाच वाटा. इतर बहिणींबरोबर हिचाही अंगठा हक्कसोडपत्रावर उठवतात. ती काय सोडते आहे हे तिला कळतच नसेल, तर त्या अंगठ्याला अर्थ नाही आणि दहा वर्षांनी विक्रीच्या वेळी तोच दस्तऐवज अडतो. आई-वडिलांना आपल्या हिश्शाच्या निम्म्या भागाचे इच्छापत्र करता येते. त्यातून तिच्या खोलीचा आजन्म उपभोग लिहून ठेवावा. वडील सरकारी पेन्शनर असतील तर हयातीतच तिचे नाव पेन्शनच्या कागदांत घालावे. अटी पूर्ण होत असल्यास कुटुंब निवृत्तिवेतन तिला जन्मभर मिळते. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्याचे एक लाखाचे संरक्षण दरवर्षी नूतनीकरण केले तरच टिकते.

आणि एक साधी दोनशेपानी वही, आई असेपर्यंतच भरून घ्यावी. गोळ्यांची नावे डॉक्टरच्या चिठ्ठीवर असतात. पोटात दुखायला लागले की ती बोलत नाही, नुसता कान ओढते, हे फक्त आईला ठाऊक असते.

– एक विशेष शिक्षिका, फोंडा