भोक बुजवण्याआधी

ती. आई-बाबांस, सा. न.

फोटो मिळाले. बाथरूमबाहेरच्या भिंतीतला आधाराचा दांडा उखडला आणि भिंतीला भगदाड पडलं, एवढं वाचून धसकाच बसला. 'कोणाला लागलं नाही' हे आईने शेवटी का लिहावं? ते आधी लिहायचं असतं. असो. बाबा, तुम्ही एव्हाना लांबी कालवायला घेतली असेल. जरा थांबा. ते भोक इतक्यात बुजवू नका.

ती भिंत विटांची नाही, जिप्सम बोर्डाची आहे. मध्ये जिप्सम, दोन्ही अंगांना जाड कागद, जाडी जेमतेम साडेबारा मिलिमीटर. मागे पोकळी, आणि पोकळीत साधारण ४० किंवा ६० सेंटिमीटरवर फ्रेमच्या उभ्या पट्ट्या. दांडा बसवणाऱ्याने स्क्रू त्या पट्ट्यांत न पिळता मधल्या नुसत्या बोर्डात पिळलेत. फोटोत प्लास्टिकच्या गिट्ट्या लोंबताना स्पष्ट दिसतात. हलकी तसबीर असा बोर्ड सहज पेलतो. पण तोल जाताना माणूस दांडा धरतो तेव्हा सगळा भार झटक्याने बाहेरच्या बाजूला ओढ घेतो, आणि ती ओढ सोसायला तिथे कागद आणि जिप्समशिवाय काहीच नसतं. तेव्हा बाबांचं वजन वाढलंय हा आईचा निष्कर्ष मला मान्य नाही.

आता भिंत फुटलीच आहे, तर तिचा फायदा घेऊ. सुताराला सांगा, भोक आहे तेवढंच न ठेवता दोन्ही बाजूंच्या उभ्या पट्ट्यांपर्यंत चौकोनी कापून घे. करवत घालण्याआधी आत वायर किंवा पाइप नाही ना, हे बघायला लावा. मग दोन पट्ट्यांच्या मध्ये घट्ट बसेल असं आडवं लाकूड, निदान ३८ मिलिमीटर जाड आणि वीतभर रुंद, पट्ट्यांना पक्कं स्क्रू करायचं. दांड्याचे स्क्रू या लाकडात गेले पाहिजेत. बोर्ड लावण्याआधी शेजारी मोजायची टेप धरून फोटो काढा, म्हणजे लाकूड जमिनीपासून किती उंचीवर आहे ते नंतर शोधावं लागणार नाही.

भिंत उघडी असताना कडेचा बोर्ड बोटाने दाबून बघा. मऊ लागला किंवा कागद फुगलेला दिसला तर आत ओल आहे. मग आधी गळती शोधायची. भिजून मऊ पडलेला बोर्ड वरून रंगवून उपयोग नाही, तो बदलायचाच.

बाकीचं काम बाबांच्या हातचं आहे, आणि शिडीही लागणार नाही. त्याच जाडीचा तुकडा सुतार स्क्रूने बसवेल. स्क्रूचं डोकं कागदाच्या किंचित आत जावं, पण कागद फाटू नये. फाटला की पकड गेली. सांध्यांवर जॉइंट टेप, त्यावर जॉइंट कंपाउंडचे, म्हणजे बोर्डाचे सांधे बुजवायच्या लांबीचे, तीन पातळ हात, प्रत्येक हात आधीच्यापेक्षा थोडा रुंद पसरलेला. बाबांना एकाच जाड हातात उरकायची सवय आहे, पण जाड थर वाळताना आकसतो आणि त्याला भेगा जातात. एक हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नको. तयार डब्यातलं कंपाउंड असेल तर मध्ये एक दिवस जाऊ द्या. घासताना मास्क लावा, नाहीतर ओल्या स्पंजने घासा, म्हणजे घरभर पांढरी धूळ होणार नाही. रंगाआधी प्रायमर हवाच. कंपाउंड आणि जुना रंग सारखे शोषत नाहीत, म्हणून प्रायमर नसला की तिरप्या उजेडात ठिगळ उठून दिसतं. रंग कोणता, ते आईने ठरवावं.

दांडा लावून झाला की सुतारालाच त्यावर पूर्ण भार टाकून ओढायला सांगा. ती परीक्षा तुम्ही दोघांनी घ्यायची नाही.

आणि तोवर बाथरूमच्या आतल्या दांड्यालाही टेकू नका. तोही त्याच माणसाने बसवलाय.

तुमची,
ताई