सांगणारा वेगळा, लिहिणारा वेगळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीत व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मधल्या ‘धर्मा रामोशी’ या कथेची चिरफाड वाचली. समीक्षकमहाशय विद्वान आहेत, प्रश्नच नाही. आरंभ, गुंतागुंत, कळस असा डोंगर काढून त्यांनी त्यावर कथा चढवून पाहिली. ती चढली नाही. मग निकाल दिला, की ‘माणदेशी माणसं’त नुसती व्यक्तिचित्रं आहेत, रचना अशी काही नाहीच, लेखकाने पाहिलं तसं लिहिलं. ना. सी. फडक्यांच्या कथातंत्राची फूटपट्टी गाडगीळ-गोखल्यांच्या नवकथाकार पिढीने मोडून पाऊणशे वर्षं होत आली. तुमच्याकडे ती अजून शिल्लक दिसते. असो.

रचना नाही कशी? कथा सांगणाऱ्या ‘मी’ने दिलेलं धोतर धर्माच्या अंगावर दिसत नाही. ते कुठे गेलं हे ‘मी’ला ठाऊक नाही, म्हणून आपल्यालाही नाही. शेवटी ते दिसतं धर्माच्या लेकीच्या अंगावर, आणि वाचणाऱ्याची मान ‘मी’बरोबरच खाली जाते. माडगूळकरांना मात्र हे पहिल्या ओळीपासून माहीत होतं. त्यांनी ते दाबून धरलं. हीच की रचना! सगळं जाणणाऱ्या निवेदकाने सांगितलं असतं, तर गरिबीवरचं एक टिपण झालं असतं.

हे शहाणपण माझं नव्हे. १९८८ साली नववीच्या सहामाहीत एका मुलाने लिहिलं होतं, ‘सांगणाऱ्याला धोतराचा पत्ता नाही, लिहिणाऱ्याला आहे.’ मी पाचपैकी पाच दिले. पर्यवेक्षकांनी तांबड्या शाईने त्याचे दोन केले. म्हणे ‘लेखकाची सहृदयता’ हा आदर्श उत्तरातला मुद्दा आलेला नाही. मी भांडायला हवं होतं. नोकरीचं दुसरं वर्ष होतं, गप्प बसले. तो मुलगा पुढे मराठीच्या तासाला कधी हात वर करताना दिसला नाही. काल तीच तांबडी शाई पुन्हा डोळ्यांसमोर आली, म्हणून हे लांबण लावलं.

जाता जाता, समीक्षेला अर्धं पान देता, मग पुरवणीतली कथा का बंद केलीत? आणि लेखासोबतचा फोटो व्यंकटेश माडगूळकरांचा नाही, त्यांच्या थोरल्या भावाचा, गदिमांचा आहे. दुरुस्ती छापाल ना?

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका, कराड