पुस्तक उघडायच्या आधी

प्रिय रूथ,

येशूच्या नावात सलाम.

तुम्ही तिघं सुखरूप पोचलात हे ऐकलं आणि जीव भांड्यात पडला. मिनीचे कान दुखायचे थांबले का? रात्री झोपताना कोमट तेल घालू नकोस, हल्ली डॉक्टर ओरडतात, आणि तू स्वतः नर्स आहेस, तुला मी काय सांगणार. फोनवर मला ऐन वेळी काही सुचत नाही आणि व्हॉट्सॲपवर बोटं चालत नाहीत, म्हणून वहीत लिहून फोटो पाठवते आहे. अक्षर लागलं नाही तर सुनीलरावांना दाखव, मेडिकलवाल्या माणसाला कसलंही अक्षर लागतं.

आधीच सांगते, दादाबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. तो तुम्हा बहीणभावांचा मामला. पाटल्यांचा विषय तर मुळीच काढणार नाही.

इकडे पाऊस धरून आहे. मागच्या भिंतीला पुन्हा ओल आली, पप्पांनी लावलेला पेरू मात्र लगडलाय. रविवारी पाळकांनी तुझं नाव घेऊन प्रार्थना केली. नंतर चहाच्या वेळी मास्तरकाका सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "1877 मध्ये कॅनडाचे मिशनरी आपल्या इंदूरला आले, आता आपण त्यांच्याकडे नर्स पाठवतो. हिशेब चुकता!" सगळे हसले. मी पण हसले, आणि मग पदर डोळ्याला लावावा लागला. 1884 साली डॉ. एलिझाबेथ बीटी नावाची बाई समुद्र ओलांडून इथं आली, बायांसाठी दवाखाना काढला, तेव्हा तिच्या आईनं घरी काय केलं असेल? तिला तर पत्राचीसुद्धा महिनोन्‌महिने वाट बघावी लागली असेल. मला मिनी रोज स्क्रीनवर दिसते, तरी माझं हे असं. तू त्या बाईंच्या देशात तेच काम करायला गेलीस याचा मला केवढा अभिमान वाटतो, ते मी एअरपोर्टवर बोललेच नाही. तिथं मी फक्त वजनाचं बोलत राहिले.

संध्याकाळची प्रार्थना साडेआठलाच करते. तेव्हा तुमच्याकडे सकाळचे अकरा. नोव्हेंबरात तुमची घड्याळं तासभर मागे जातात म्हणे, मग दहा. तुझी ड्यूटी नसेल त्या दिवशी फोन लावून ठेवत जा, बोलायला नको, नुसतं ऐक. मिनीला भजनाची चाल कानावर पडेल. ती इंग्लिश शाळेत जाणार, मराठी राहील न राहील. पण चाल राहते. आजींच्या आईनं लहानपणी नगरला कवी नारायण वामन टिळकांचं कीर्तन ऐकलं होतं. शब्द त्यांना पुढं आठवेनात, पण एक चाल त्या भाकऱ्या थापताना गुणगुणायच्या, ती आजींकडे आली, आजींकडून पप्पांकडे. पप्पा बेसूर. तरी तू ती ओळखतेस की नाही?

आजींची तुला शेवटची दोन-तीन वर्षंच नीट आठवत असतील, खाटेवरची. मी त्यांना त्यांच्या जोरात पाहिलंय. नगरच्या मिशन बोर्डिंगात वाढलेल्या, सून म्हणून मला तर आधी त्यांची धडकीच भरायची. घरात प्रार्थनेचं पुस्तक त्यांच्या मांडीवर असायचं, खाकी कापडाची शिवण घातलेलं, कोपरे तेलकट. सगळे सतरंजीवर बसले की त्या एकेकाच्या तोंडाकडे बघायच्या. कुणी कुणाशी धरून बसलेलं असलं की पुस्तकावर हात ठेवून म्हणायच्या, "उघडत नाही." बस, एवढंच. कोण चुकलं, कुणी माफी मागायची, काही विचारायच्या नाहीत. पप्पा आणि बाळूकाका एकदा सायकलवरून असे फुगले होते की दोघं भिंतीकडे तोंड करून बसले. अकरा वाजून गेले. चुलीवरचं पिठलं आटून खरपुडी झाली, मी नवी सून, भूक लागलेली, बोलायची सोय नाही. शेवटी बाळूकाका पप्पांना म्हणाले, "घे ना यार, उद्या तू ने." तेव्हा आजींनी पुस्तक उघडलं, स्तोत्र वाचलं आणि आमेन झाल्याबरोबर पहिली भाकरी बाळूकाकांना वाढली. पप्पांना नाही. पप्पा शेवटपर्यंत हे सांगायचे, तक्रारीच्या सुरात, आणि डोळे भरून यायचे.

सूर्य मावळायच्या आत राग सोडा, हे प्रेषित पौलानं इफिसकरांना पत्रात लिहिलंय. आमच्याकडे त्याला साडेआठपर्यंत सवलत होती.

आता पौलाचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट लिहिते, मग थांबते. त्यानं आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहिलेलं दुसरं पत्र परवा पुन्हा वाचलं. सुरुवातीलाच तो तीमथ्याच्या आजीचं नाव घेतो, लोईस, आणि मग आईचं, युनीके. तुझ्यातला विश्वास आधी त्या दोघींत होता म्हणतो. बाप ग्रीक होता, म्हणजे सगळं त्या दोघी बायांच्याच हातून आलेलं. आपल्याकडे हे वचन मातृदिनाला वाचतात आणि केक कापतात. पण पुढं वाच. तुरुंगात बसलेला माणूस शेवटच्या अध्यायात काय मागतो? त्रोवसात राहिलेला झगा आण, पुस्तकं आण, हिवाळ्याच्या आत ये. आणि मार्काला बरोबर घेऊन ये. तोच मार्क, ज्याच्यावरून पौल आणि त्याचा सोबती बर्णबा इतके भांडले होते की दोघांनी वाटा वेगळ्या केल्या. मधे किती वर्षं गेली असतील, कुणी कुणाला काय बोललं असेल, त्यातलं पत्रात एक अक्षर नाही. नुसतं, त्याला घेऊन ये, मला उपयोगाचा आहे. आजीच्या नावानं सुरू झालेलं पत्र मार्कापाशी येतं, हे मला इतकी वर्षं वाचूनही दिसलं नव्हतं.

निघताना तू म्हणालीस, "तू नेहमी दादाचीच बाजू घेतेस." मी उत्तर दिलं नाही, दारात गाडी उभी होती. बायबलात बघ, बाप इसहाकाला थोरला एसाव लाडका, आई रिबकेला धाकटा याकोब, आणि त्याच याकोबानं पुढं आपल्या मुलांत योसेफालाच तेवढा पायघोळ झगा शिवला. बापाच्या घरात ज्यानं सोसलं, त्यानं आपल्या घरात तेच केलं. घराण्यात हेही उतरतं, फक्त प्रेमच उतरतं असं नाही. म्हणून मी घाबरते. मिनी उद्या विचारेल, माझा मामा कुठंय? तू काय सांगशील तिला? आपण ख्रिस्ती म्हणवतो, त्यानं आधी आपल्यावर प्रीती केली म्हणून आपण करतो असं लहानपणापासून पाठ करतो, आणि सख्ख्या भावाला फोन करायला

बघ. सुरू झाले. माफ कर, बाई. तीस वर्षं शाळेत खडू धरल्याचा परिणाम, खुर्चीत बसले की समोर वर्ग दिसतो. तू दिवसभर उभी राहून आलेली असशील आणि वर माझं हे.

पण एक तुला माहीत नाही, ते सांगते. आणि हे बाजू घेणं नाही. तू निघायच्या आदल्या रात्री मिनीला झोपवायला गेलीस, तेव्हा दादा आला होता. दुकानातला वजनकाटा स्कूटरवर घेऊन. चारही बॅगा त्यानं ओट्यावर आणून मोजल्या, एक तेवीसच्या वर जात होती, तर तुझी ती जाड पुस्तकं काढून दुसरीत घातली. प्रत्येक बॅगेच्या मुठीला लाल नाडी बांधली, पट्ट्यावर ओळखू यावी म्हणून. पोह्यांवर घालायच्या जिरावण मसाल्याच्या पुड्या दोनदोन पिशव्यांत गुंडाळल्या, कपड्यांना वास लागेल म्हणाला. मी म्हटलं, आत जाऊन भेट. तर म्हणे, "रहने दे, सो गयी होगी." आणि गेला. तुला वाटलं पॅकिंग मी केलं. मला तेवीस किलो उचलतात तरी का?

त्याला हे लिहिल्याचं कळवू नकोस, मला ओरडेल.

थंडीचे कपडे तिथंच घ्या, इथलं स्वेटर तिथं रुमालासारखं. मिनीला आतून गरम बनियन घाल, टोपी काढू देऊ नकोस. तिथलं चर्च कोणतंही चालेल, आमचं पंथाचं काही म्हणणं नाही, पण एक घर धरून ठेव जिथं आजारपणात कुणी डबा आणून देईल. पगारातलं दशांश सुरुवातीला जमलं नाही तर मनाला लावून घेऊ नकोस, आधी घरभाडं. नाताळच्या करंज्या मी करणारच आहे, कुणी येणारं मिळालं तर पाठवीन. सारण खवट होऊ नये म्हणून यंदा खोबरं जरा जास्त भाजीन.

सुनीलरावांना सलाम. मिनीला पापा.

तुझी,
आई

ता. क. दादाचा नंबर बदललाय. नवा सुनीलरावांना पाठवला आहे, तुझ्या फोनमध्ये जुनाच असेल. त्याची या महिन्यात दुपारची पाळी आहे, सकाळी नऊला घरीच असतो. म्हणजे तुमच्याकडे रात्रीचे साडेअकरा, तेव्हा मिनी झोपलेली असते.