चि. मुक्तास, प्रागला

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

रात्रीचे जेवण पुन्हा कामाच्या टेबलावरच उरकल्याचे तू काल फोनवर सांगितलेस, म्हणून आज लिहायला बसले. जेवणाविषयी बोलणार नाही. तुझ्या मठाविषयीच लिहिणार आहे.

गेममधला मठ उभा करण्याचे काम तुझ्याकडे आले, ही बातमी मी किती जणांना सांगितली ते नाना सांगतील. दिवाळीत तू ‘किंगडम कम: डिलिव्हरन्स’ खेळून दाखवलास, तो १४०३ सालचा बोहेमिया माझ्या डोळ्यांसमोर आहे. लोहाराचा मुलगा हेन्री एका माणसाच्या शोधात साझावाच्या मठात नवदीक्षित म्हणून शिरतो. तिथे प्रार्थना, काम, भोजन सारे ठरल्या वेळी आणि चुकणाऱ्याला कोठडी. धर्म म्हणजे नुसते वेळापत्रक आणि शिक्षा, असे तू म्हणालीस आणि आपला वाद झाला. मला ते अजूनही पटलेले नाही. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात किरकोळ अपराध करणाऱ्या भिक्षूला पंगतीतून वगळतात आणि इतरांचे झाल्यावर त्याने एकट्याने जेवायचे असते. एकटे जेवणे ही त्या लोकांच्या लेखी शिक्षा होती, मुक्ता.

आले पाहा मी जेवणावर. रागावू नकोस.

‘पेंटिमेंट’ हा तुझा दुसरा गेम मला अधिक आवडला. सोळाव्या शतकातल्या बव्हेरियात खुनाचा तपास चालू असतो, पण दिवस मोजायचा तो मठातल्या प्रार्थनांच्या प्रहरांनी, आणि जेवणाच्या वेळी कोणाच्या घरी बसायचे ते आपण निवडायचे. त्या गावची श्रद्धा मला चर्चपेक्षा त्या टेबलांवरच अधिक दिसली. चर्चमध्ये स्वतःला कोंडून घेतलेली सिस्टर अमाली तुला फार भावली होती. पण तिने एकांत व्रत म्हणून घेतला होता, तुझा कामाने लादलेला आहे.

गणपतीच्या पंगतीत श्लोक म्हणताना तू अडखळलीस आणि अण्णांनी पुढची ओळ म्हणून तुला सावरले, ते आठवते का? बेनेडिक्टच्या भोजनगृहातही सारे मुकाट्याने जेवत असताना एक जण मोठ्याने वाचत असे, आणि ते काम दर आठवड्याला वेगळ्या भिक्षूकडे जाई. तुझ्या मठातल्या भोजनगृहात तो वाचक असू दे. लुच्चे पाद्री दाखवायचे तर जरूर दाखव, तेही होतेच.

शेजारच्या खोलीतली ती मदुराईची मुलगी अजून तिथेच आहे ना? रविवारी तिला वरणभाताला बोलाव. कुकरची शिटी निळ्या स्वेटरच्या घडीत आहे, मेतकूट त्याच्याच खाली.

तुझी,
आई