शालेय बँडमधील एका मात्रेचा विराम

महोदय,

यंदाच्या स्वातंत्र्यदिनी आमच्या तालुक्यातील एका शाळेच्या ध्वजवंदनास उपस्थित राहण्याचा योग आला. मुलांचे गणवेश कडक इस्त्रीचे होते, वाद्येही नवी होती. परंतु ध्वज फडकताच साइड ड्रमचा रोल, म्हणजे राष्ट्रगीताआधी काड्यांनी सलग वाजवला जाणारा गजर, पहिल्या ठोक्यापासूनच पूर्ण जोरात सुरू झाला, तो संपण्यापूर्वीच निम्म्या बासरीवाल्यांनी राष्ट्रगीत उचलले आणि उरलेले मात्राभर मागून आले. पहिली ओळ संपेपर्यंत दोन राष्ट्रगीते चालली होती.

हा दोष मुलांचा नाही. राष्ट्रगीताविषयीच्या केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आदेशात या रोलचे नेमके वर्णन आहे. त्याची लांबी संथ संचलनाच्या 7 पावलांइतकी असावी, तो हळू सुरू होऊन शक्य तितका चढावा, पुन्हा पहिल्याइतका उतरावा, मात्र सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू येत राहावा. त्यानंतर एका मात्रेची विश्रांती आणि मगच सुमारे 52 सेकंदांचे राष्ट्रगीत. लय, मात्रा, आवाजाचा चढउतार आणि विराम हे बँडच्या पहिल्या वर्षाचे जवळजवळ सगळे शब्द या एका सूचनेत आले आहेत. ते मुलांना कोणी समजावून सांगितलेच नसतील, तर ती मोकळी मात्रा त्यांना मोजायची गोष्ट न वाटता चुकून राहिलेली फट वाटते आणि जो तो ती भरून काढायला धावतो.

मी स्वतः अनेक वर्षे शाळेचे बँड पथक सांभाळले आहे, त्यामुळे हे लिहिताना माझ्याही चुका डोळ्यांसमोर आहेत. फळ्यावर बासरीच्या छिद्रांचे आकडे लिहायचे, तेच मुलांकडून घोकून घ्यायचे आणि बेस ड्रम वर्गातल्या सर्वांत दांडग्या मुलाच्या गळ्यात अडकवायचा, ही माझीही पद्धत होती. वास्तविक बेस ड्रमचा ठोका डाव्या पावलावर पडतो आणि सारे पथक त्याच्यावर विसंबून चालते. तेथे जोरापेक्षा लय न सोडणारा मुलगा हवा, हे मला फार उशिरा उमगले.

आपल्याकडच्या मुलांना हे शिकवणे अवघड नाही. घरी भजनात टाळ धरणाऱ्या मुलाला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, सांगावी लागत नाही. केरवा तालाच्या आठ मात्रा हातावर मोजणाऱ्याला चार मात्रांचे दोन खंड म्हणजे संचलनाच्या धूनमधले दोन 'बार' हे पाच मिनिटांत कळते. एकत्र वादनासाठी मात्र निराळी तालीम लागते. बासऱ्या वाजत असताना ड्रमवाल्यांनी हात मांडीवर ठेवून मनात मात्रा मोजायच्या आणि ठरलेल्या जागी एकदम शिरायचे; चुकलेल्याने धावत गाठण्याचा प्रयत्न न करता थांबून पुढच्या समेवर यायचे. शेजाऱ्याची बासरी आपल्याला ऐकू येत नसेल तर आपण जोरात वाजवत आहोत, एवढे तरी प्रत्येकाला कळले पाहिजे. (काही शाळा बिगुलावर राष्ट्रगीत बसवू पाहतात, बिगुलातून मोजकेच स्वर निघतात, हे शिक्षकांनाच ठाऊक नसते.)

प्रत्यक्षात बँड उभा राहतो तो कार्यक्रमाच्या पंधरवडाभर आधी, तोही मैदानावर, भर उन्हात आणि मुख्याध्यापकांच्या 'आवाज कमी पडतोय' या एकाच सूचनेवर. प्रजासत्ताक दिनाला अद्याप अवधी आहे. कलाशिक्षणाच्या तासिकांपैकी काही तासिका शाळांनी वाद्ये कपाटात ठेवून केवळ टाळ्या, पावले आणि मोजणी यांना द्याव्यात, तसेच तालुका व जिल्हा स्तरावरील बँड स्पर्धांच्या परीक्षकांनी गणवेशाइतकेच गुण रोलनंतरच्या त्या एका मात्रेलाही ठेवावेत, अशी विनंती आपल्या वृत्तपत्राद्वारे करीत आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, सातारा जिल्हा