ताप किती आहे ते आधी कळव

अश्विन वद्य द्वितीया

चि. बाळीस अनेक आशीर्वाद.

शेजारचा पोरगा उद्या सकाळच्या गाडीनं किनवटला चाललाय, त्याच्या हाती डबा देतोय. डब्यासोबत ही चिठ्ठी. फोनवर तू "बरीय अण्णा" एवढंच म्हणतेस आणि लगेच रेंज जाते. रेंज नेमकी तेव्हाच कशी जाते, हे मला या वयात कळतं.

तर आधी ताप किती आहे ते कळव.

मैत्रिणीवर रागावू नकोस. तिनं फोन केला म्हणून कळलं तरी. चार दिवस ताप, अंग ठणकतंय, डोकं धरून बसतेस आणि गुडघ्याच्या मागं काळी खपली आलीय. "काका, डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्यात, काळजी करू नका." काळजी करू नका असं सांगायला कुणी रात्री साडेनऊला फोन केला तर माणसानं काय करावं? तुझ्या आईला मी फक्त सर्दी-ताप म्हणून सांगितलं. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि निवडायला घेतलेली ज्वारी तशीच सुपात ठेवून उठली.

कोजागरीला येते म्हणाली होतीस. तुझं पतंग मोजायचं काम अवसेचं. चांदणं नसलं की दिव्यावर पतंग जास्त येतात, हे तू सांगितलंस तेव्हा मला नवल वाटलं होतं, पण त्याचा हिशोब नंतर लागला. पोळा अवसेला, लक्ष्मीपूजन अवसेला. ज्या दोन दिवशी घरात लेकरू पाहिजे, त्या दोन्ही दिवशी तू जंगलात पांढरी चादर बांधून, दिवा लावून बसलेली. आत्याचं तर ठरलेलंच आहे, "अवसेची पोरगी रानात दिवे लावती, लोक काय म्हणतील." मी म्हणलं, तिच्याकडं वनखात्याच्या परवानगीचा कागद आहे, लोकांकडं कोणता आहे? पण आम्हाला उरते ती पौर्णिमाच. म्हणून यंदा दूध तुझ्या तोंडच्या चवीनं आटवलं, वेलदोडे जास्ती. बारापर्यंत ओट्यावर पातेलं ठेवलं. सकाळी आईनं त्यात शेवया टाकल्या. कुणी काही बोललं नाही.

काल परभणीला गेलो होतो. खताचं काम होतं, पण खरं काम ओळखीच्या डॉक्टरांना विचारायचं होतं. स्क्रब टायफस असेल म्हणाले. 2018 ला नागपूरकडं पुष्कळ लोकांना झाला होता, तोच. गवतात, झुडपात डोळ्याला दिसणार नाही एवढा जीव असतो, गोचिडाच्या गोतातला. चावतं ते त्याचं पिल्लू. चावलं तिथं विडीनं डागल्यासारखी काळी खपली येते, दुखत नाही, म्हणून ध्यानात येत नाही. ते म्हणाले, पिल्लाला पाय सहा असतात, मोठा झाल्यावर आठ. तेवढ्या काळजीतही मला हसू आलं. दुसरीत होतीस तेव्हा मी कोळ्याला किडा म्हणालो तर तू मला उभं करून पाय मोजायला लावले होतेस. आठ पाय, म्हणजे किडा नाही, अण्णा नापास. हा लबाड लहानपणी सहा पाय दाखवून तुझ्या वर्गात घुसला म्हणायचा.

वेळेवर गोळ्या सुरू झाल्या तर दोन दिवसांत ताप उतरायला लागतो म्हणे. अंगावर काढला तर फुप्फुसावर, किडनीवर जातो. तू चार दिवस अंगावर काढलास. बरं वाटलं की गोळ्या अर्ध्यात सोडू नकोस. खपल्या आणखी कुठं आहेत का ते मैत्रिणीला बघायला सांग. काखेत, कमरेच्या नाडीखाली लपतात. लाजू नकोस.

पुन्हा तेच लिहायलो. लिहायचं होतं वेगळं.

मागल्या वर्षी पाऊस सरता सरता तुझ्याकडं दोन रात्री राहिलो, ते मी इथं कुणाला नीट सांगितलंच नाही. सागाच्या पानांची जाळी झालेली, नुसत्या शिरा उरलेल्या, हातात धरलं तर पलीकडचं माणूस दिसावं. मी म्हणालो, फवारा मारा की. तू म्हणालीस, ही अळी पानगळीच्या तोंडावर येते, पानं अशीही पडायचीच असतात, पाखरं आणि गांधीलमाशा त्या अळ्यांवरच तर जगतात. तो वनरक्षक पोरगा तुला मॅडम म्हणत होता, वहीत लिहून घेत होता. मी तोंड फिरवून सागाकडं बघत बसलो. तिथं कुणी बघितलं असतं तर म्हणलं असतं, म्हाताऱ्याला सागाचा भाव काढायचाय.

आणि रात्री एकच्या सुमाराला तो आला. चादरीवर. फिक्कट हिरवा, तळहाताहून मोठा, मागं दोन लांब शेपट्या, पंखांवर डोळ्यासारखे ठिपके. आल्या आल्या थरथरला आणि मग चिकटून बसला. चांद्रपतंग म्हणालीस. शेपट्या कशाला, तर वटवाघळानं झडप घातली की शेपटीवर जावी, जीव वाचावा. मी विचारलं, खातो काय? तू म्हणालीस, काही नाही. त्याला कामाचं तोंडच नसतं. खायचं ते अळी असतानाच खाऊन घेतो, पतंग झाला की आठवडाभराचं आयुष्य, त्यात जोडी लावायची, अंडी घालायची, संपलं.

तेव्हा मी गप्प बसलो, कारण त्या रात्री तू दोन बिस्किटांवर होतीस. आता सांगतो. माय, तुला देवानं तोंड दिलंय. डब्यात भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि मेथीचे लाडू आहेत.

तू मला त्या बाईचं उदाहरण देतेस, मारिया मेरियन. सव्वातीनशे वर्षांपूर्वी, 1699 ला, बावन्नाव्या वर्षी ॲमस्टरडॅमहून जहाजात बसून सुरिनामच्या जंगलात गेली, अळीपासून पतंगापर्यंत एकेक जीव पाळून त्याची चित्रं काढली. चिखलातून आपोआप किडे होतात असं लोक धरून चालायचे त्या काळात. मी तेव्हा ऐकून घेतलं. पण नंतर तूच दिलेल्या पुस्तकात नीट वाचलं. दोन गोष्टी तू मला सांगितल्या नाहीस. एक, दोन वर्षांत ती आजारी पडून परत आली. दुसरं, तिच्यासोबत तिची लेक होती. एकटी नव्हती ती.

हे वाचून तुला राग येईल. "पोरगा असतो तर म्हणला असतास का?" असं विचारशील. म्हणलो असतो. कदाचित एवढ्या वेळा नसतो म्हणलो. हे मी कबूल करतो, माफ कर.

हे वेड लागलं कुठून ते मला माहीत आहे. लिंबोणीपासून. पाखराच्या शिटीसारख्या दिसणाऱ्या त्या अळ्या मी चिमटीत धरून चिरडायचो आणि तू रडत आईकडं जायचीस. एकदा मोठ्या अळीला बोट लावलं तर डोक्यातून नारिंगी शिंगं काढली तिनं, असा वास! मी दचकून हात मागं घेतला, तू टाळ्या वाजवल्या. पण पक्कं झालं ते 2017 ला. कपाशीची बोंडं बाहेरून टपोरी, हिरवीगार. दिवाळीच्या आधी ओसरीवर बसून तू ब्लेडनं एक बोंड चिरलंस, आत सरकी पोखरलेली आणि गुलाबी पट्ट्यांची अळी. मी चप्पल उचलली. तू तिला आजोबांच्या तंबाखूच्या डबीत घातलंस. आजोबा चार दिवस डबी शोधत होते. तेव्हा तू अकरावीला.

मग विद्यापीठात गेलीस आणि दुसऱ्याच वर्षी येऊन माझा हिशोब मांडलास. बीटी म्हणजे झाडातच अळी मारायचं विष असलेली कपाशी; तिच्या 450 ग्रॅम बियाण्याच्या पिशवीसोबत 120 ग्रॅमची बिनबीटीची पुडी यायची, ती कुठं टाकायचास? बांधावर. सगळेच टाकायचे, जागा वाया जाते म्हणून. तू म्हणालीस, ती पुडी कडेनं पेरली असती तर साध्या कपाशीवर साधे पतंग जगले असते, त्यांची बीटीला सरावलेल्या पतंगांशी जोडी लागली असती, बीटीला पचवणारी अवलाद एवढी लवकर माजली नसती. वर जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत फरदड, म्हणजे वेचणी झालेली कपाशी तशीच उभी ठेवायचो, म्हणजे अळीला बारा महिने जेवण. मी म्हणालो, हे आम्हाला आधी कुणी सांगितलं? तू म्हणालीस, पिशवीवर लिहिलेलं होतं. त्या रात्री मला झोप नव्हती. वाईट वाटलं म्हणून, आणि पोरगी आपल्यापेक्षा शहाणी निघाली म्हणूनही.

आता जे लिहितो ते वाचून ओरडू नकोस. ताप असताना तर मुळीच नको.

भादव्यात मला ऊन लागलं असं तुला सांगितलं होतं. ऊन नव्हतं. तुडतुडे, फुलकिडे दिसले, दुकानदारानं दोन औषधं एकत्र करून दिली, मजूर मिळाला नाही, मीच पंप पाठीला लावला. तोंडाला उपरणं. दुपारी वारा फिरला तरी दोन ओळी उरल्या होत्या म्हणून थांबलो नाही. बांधावर आलो तर घाम थांबेना, तोंडाला पाणी सुटलेलं, समोरची बाभळ धूसर. गड्यानं मोटारसायकलवर मधे बसवून नेलं. डॉक्टर म्हणाले बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झाल्यात. विष उतरवायची ॲट्रोपिनची इंजेक्शनं रात्रभर. दोन रात्री होतो. तुला सांगायचं नाही म्हणून आईला मीच शपथ घातली.

तू घाबरशील म्हणून नव्हे. लाज वाटली. यवतमाळकडं फवारणीनं माणसं गेली, त्या बातमीचं कात्रण 2017 पासून तुझ्या हातानं खांबाला चिकटवलेलं आहे. तुझ्या पहिल्या फेलोशिपच्या पैशातून आणलेले हातमोजे आणि चष्मा फडताळात अजून पाकिटात. कीटकांची डॉक्टर होणाऱ्या पोरीचा बाप कीटकनाशक फवारताना विष भिनून पडला, असं गावात होऊ नये म्हणून मी ऊन लागलं म्हणालो.

तेव्हा तुला चार दिवस ताप लपवलास म्हणून रागवायला मला तोंड नाही, हे मला कळतं. तरी रागावलोय.

येऊ का तिकडं? नंदीग्राम एक्सप्रेस मानवत रोडला थांबते. तू नको म्हणालीस तर नाही येणार. पण नको म्हणायच्या आधी आकडा कळव. डब्यात लाडवांच्या खाली रुमालात गुंडाळून थर्मामीटर ठेवलंय. सकाळ, दुपार, रात्र, तीनदा. कागदावर लिहून फोटो काढून पाठव, पतंगांचे लिहितेस तसेच. "बरीय" हा आकडा नाही, असं तूच मला म्हणायचीस, मी सापळ्याचं "आहेत थोडे" म्हणून सांगितलं की.

सापळ्याचं. तू लावून गेलेल्या कामगंध सापळ्यांतले, मादीच्या वासानं ओढले जाणारे बोंडअळीचे नर पतंग मी रोज सकाळी मोजायलो. नऊ दिवस पाच-सहाच्या वर गेले नाहीत. काल एका सापळ्यात 9, आज 10. ओढ्याकडच्या बाजूला सात-आठ डोमकळ्याही दिसल्या, आत अळी असलेली फुलं, पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या, तोडून बादलीत टाकल्या. तू म्हणाली होतीस, सलग तीन दिवस आठ किंवा वर गेले तर मला विचार. उद्या तिसरा दिवस. दुकानदार रस्त्यात भेटला, म्हणाला, कधी येताय अण्णा? पोरीला विचारून सांगतो म्हणालो.

तू उत्तर देईपर्यंत पंपाला हात लावत नाही. आई विचारायली, ताप किती आहे.

तुझा
अण्णा